पुठ्ठ्याची गिटार

गिटार पुठ्ठ्याची होती, पण हातोडी खरी होती. रेन्स्केने दोन्ही आणून आजोबांसमोरच्या तिपाईवर ठेवल्या आणि सगळं घर खिदळायला लागलं. सगळं म्हणजे एक सीत्सेमामा सोडून.

डिसेंबरची पाच तारीख होती. संत निकोलसच्या नावाने एकमेकांना भेटी द्यायच्या, त्याही सरळ हातात नाहीत. चिठ्ठीत ज्याचं नाव निघेल त्याची भेट कशाच्या तरी पोटात दडवायची, सोबत त्याची टर उडवणारी कविता लिहायची आणि खाली सही संताची ठोकायची. ज्याची टर, त्यानेच ती मोठ्याने वाचायची आणि रुसायचं नाही. यंदा रेन्स्केला आजोबांची चिठ्ठी आली होती. भेट गिटारच्या पोटात होती. हवी असेल तर गिटार फोडा.

"वाचा बाबा, सुटका नाही," फेम्के म्हणाली. ती रेन्स्केची आई, सीत्सेची धाकटी बहीण.

नव्वदी ओलांडलेल्या डौवेआजोबांनी चष्मा नाकावर चढवला.

गिटार फोडल्याची गोष्ट अख्ख्या देशाला पाठ होती. माक्कुमच्या बंदरात वाम मासे पकडणारा एक तापट बाप, त्याने पोराची पहिली गिटार कुऱ्हाडीने फोडली, पोराने त्यावर गाणं केलं आणि गाण्याने पोराला मोठं केलं. चाळीस वर्षं सीत्से ते गात होता. रेडिओवर सांगत होता, मासिकांत छापून आणत होता. कुऱ्हाडीचं कडवं आलं की लोक त्याच्याआधी गायला लागायचे.

आणि ती धडधडीत खोटी होती. गिटार सीत्सेनेच फोडली होती. गावातल्या नाचाच्या बँडने 'तुला तालाचं अंग नाही' म्हणून त्याला घरी पाठवलं, त्या रागात सतरा वर्षांच्या सीत्सेने ती धक्क्यावरच्या लोखंडी खुंटावर आपटली. बापाने सगळा मोसम राबून घेऊन दिलेली गिटार. घरी सांगितलं, पाण्यात पडली. मित्रांना हे कसं सांगणार? त्यांच्यापुढे तोंडातून निघून गेलं, बापाने फोडली. मित्र हळहळले. ती हळहळ त्याला गोड लागली, आणि पुढे त्या गोडीचंच गाणं झालं.

बापाला इंग्रजी येत नाही, या एका गोष्टीवर त्याने उभा जन्म काढला होता. गाणं इंग्रजी, बापाचा कान जड, आणि माक्कुमची माणसं तोंडावर काही बोलत नाहीत. म्हातारा होडी आणि जाळ्यांपलीकडे कशाला जातोय. माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की त्याला कारणांचा तुटवडा पडत नाही.

आता भाचीने तेच सगळं घरच्या भाषेत, यमकं जुळवून, म्हाताऱ्याच्या हातात दिलं होतं. डौवे एकेका शब्दावर बोट ठेवून वाचू लागले.

"डौवेआजोबा, ऐका हो संताची ही वाणी,
तुमच्या एका रागापायी गाजली किती गाणी.
कुऱ्हाड गेली गंजून आता, हातोडी ही घ्या,
गिटारीला पुन्हा एकदा प्रसाद तुमचा द्या."

टाळ्या पडल्या. जावयाने, फेम्केच्या नवऱ्याने, मोबाईल सरसावला.

"फोडा आजोबा, अगदी तेव्हासारखी," रेन्स्के म्हणाली. "ऑफिसात दाखवते सगळ्यांना. ते आजोबा माझेच, यावर विश्वासच नाही त्यांचा."

सीत्सेच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मैदानं भरून लोक जमले तरी त्याला कधी लाज वाटली नव्हती, आणि इथे सूप पिऊन बसलेल्या घरच्या आठ माणसांत त्याला बसवेना. बाप आता मान वर करील आणि विचारील, मी रे कधी फोडली? पोरांदेखत विचारील. किंवा विचारणारही नाही, नुसता बघेल. ते तर त्याहून वाईट. मेल्या, आज तरी बोल, तो स्वतःला म्हणाला. म्हाताऱ्याने तोंड उघडायच्या आत तू उघड.

तो उठला.

"बाबा, थांबा. ती गिटार तुम्ही..."

धाडकन हातोडी बसली. डौवेंनी त्याला वाक्य पुरं करूच दिलं नाही. दुसरा घाव घातला, मग तिसरा. पुठ्ठा फाटला, मसाल्याची बिस्किटं जमिनीवर उधळली आणि आतून लोकरीचे पायमोजे निघाले. एवढ्याशा देहात एवढा जोर कुठून आला, देव जाणे.

"अगं बाई, राग अजून तसाच आहे की बाबांचा," फेम्के डोळे पुसत हसली. जावयाचं चित्रण मनासारखं झालं होतं. ते बघायला सगळे त्याच्याभोवती जमले आणि तसेच हसत हसत कॉफीसाठी स्वयंपाकघरात गेले.

सीत्से गुडघ्यांवर बसून पुठ्ठ्याचे तुकडे गोळा करू लागला. तुकडे कुणीही उचलले असते, पण त्याला बापाकडे बघायचं नव्हतं. त्याच्या खांद्यावर हात पडला. डौवे खुर्चीतून पुढे वाकले होते. त्यांना अजून धाप लागत होती.

"नीट फोडली ना रे?" त्यांनी हळूच विचारलं. "चाळीस वर्षं जो विचारील त्याला 'हो, मीच' म्हणत आलोय. करून दाखवा, असं मात्र कधी कुणी म्हणालं नव्हतं."