न लागलेला पाय

पाय तयार होता, न्यायला मात्र कोणी आलं नव्हतं.

इस्पितळाच्या तळमजल्यावरच्या छोट्या कारखान्यात तो फळीवर उभा होता. गुडघा, नडगी, घोटा, पाऊल, सगळं चोख. मांडीला बसणारा वरचा भाग तेवढा शस्त्रक्रियेनंतर माप घेऊन जोडायचा होता. तो करणाऱ्या बाईला सगळे ‘पायवाली ताई’ म्हणत. करून ठेवलेला पाय न्यायला कोणी येत नाही, याचा अर्थ या धंद्यात समजावून सांगावा लागत नाही. ताईने वरच्या वॉर्डात चौकशी केली नाही. तेवढा धीरच झाला नाही.

पाय एका शाळकरी मुलीसाठी होता. तिच्या गुडघ्याच्या वर हाडाचा कर्करोग होता. पाय काढावा लागणार असं ठरल्यावर आई तिला घेऊन आली, तेव्हा आईच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. बोलत होती ती मुलगीच.

“ताई, या पायाची नखं कापावी लागतात का?”

चांगल्या पायाचं माप घेता घेता ताई हसली आणि तिने आपल्या पँटचा डावा पाय वर सरकवला. आत तिने स्वतःच केलेला पाय होता.

“माझाही याच आजाराने गेला. तुझ्याहून थोडी मोठी होते. आता जिने चढते, सायकल मारते. बसमध्ये कोणी उठून जागा दिली, तर नको म्हणते.”

मुलीने त्या पायावर टिचकी मारून पाहिली. “नको कशाला म्हणायचं? मिळतेय तर बसावं की.”

आई तेव्हा कुठे जराशी हसली होती.

त्यानंतर हवा पालटली, झाडांची पानं गळून पुन्हा आली, पण दोघींचा पत्ता नव्हता. ते पाऊल दुसऱ्या कोणाला तरी चालेल, असं कारखान्यातल्या जोडीदाराने दोनतीनदा सुचवलं. ताई “बघू” म्हणायची आणि दुसऱ्या कामाला लागायची.

त्या सकाळी भट्टीतून काढलेला प्लास्टिकचा पत्रा ती साच्यावर ओढत होती. पत्रा गरम आहे तोवरच आकार घेतो. मध्येच हात काढला की सगळं वाया. नेमका तेव्हाच मागे दरवाजा वाजला.

“ताई, मी त्या मुलीची आई. तो पाय राहू द्या. आम्हाला आता लागणार नाही.”

मागे वळून त्या बाईच्या तोंडाकडे बघायचं कसं? हातमोज्यातले हात ताईने पत्र्यावर तसेच दाबून धरले.

“बसा,” ती कशीबशी म्हणाली.

“मी नाही बसत,” दुसरा आवाज आला. “बसलं की गुडघा आखडतो.”

ताई गर्रकन वळली. पत्रा साच्यावरून सुटला आणि चुरगळून खाली पडला. दारात ती मुलगी काठी टेकून उभी होती. डोक्यावर बोटभर नवे केस, आणि दोन्ही बुटांत स्वतःचे पाय.

मग आईने एका दमात सगळं सांगितलं. केसाच्या जाडीचे हजार भाग केले, तर त्यातल्या एका भागाएवढे कण. त्यांत औषध भरलेलं. हाडाची ओढ असलेले ते कण रक्तातून थेट गाठीपाशी जातात आणि तिथे औषध सोडतात. गाठ इतकी आवळली, की डॉक्टरांनी हाडाचा तेवढाच तुकडा काढून धातूची दांडी बसवली. “तपासण्या चालूच राहणार आहेत,” आई म्हणाली, “पण पाय तिचा तिला राहिला. डॉक्टरांचे आभार मानायला गेलो, तर ते म्हणाले, आधी खाली ताईंना भेटू. मलाही यायचंच होतं. त्या दिवशी तुम्ही आम्हाला हसवलंत, म्हणून आम्ही धड घरी पोचलो.”

ताईने मुलीला जवळ घेतलं. बराच वेळ सोडलंच नाही.

दोघी गेल्या. त्यांच्याबरोबर आलेले म्हातारे डॉक्टर मागे राहिले.

“माझे कसले आभार?” ताई डोळे पुसत म्हणाली. “मी केलेला पाय वाया गेला, याचाच आज आनंद आहे.”

डॉक्टर स्टूल ओढून बसले. ताई इथे पेशंट होती, तेव्हा ते नवशिके होते.

“तुझ्या ऑपरेशनच्या आधी मी येऊन विचारलं होतं. गाठीचा तुकडा अभ्यासाला ठेवून घेऊ का, म्हणून. आठवतं?”

“आठवतं ना. म्हटलं, ठेवा, मला कुठे घरी न्यायचाय.”

“त्यातल्या पेशी आम्ही जगवल्या. वर प्रयोगशाळेत त्या अजून वाढताहेत. हे कण बनवले, ते दरवेळी आधी त्यांच्यावर लावून पाहिले. कितीदा फसलो, त्याला गणती नाही. हाती काही लागल्याशिवाय तुला काय सांगणार? आज सांगायला आलोय. या मुलीच्या आधी, सगळ्यांच्या आधी, हे औषध लागू पडलं ते तुझ्या पायाला.”

या इस्पितळाने जीव वाचवला, त्याची थोडी परतफेड म्हणून आपण इथे नोकरी धरली, असं ताई आजवर सगळ्यांना सांगत आली होती.

तिच्या कितीतरी आधी तिचा पाय इथे कामाला लागला होता.