चार मिनिटांत आलेली चिठ्ठी

“किती दिवसांपासून टोचून घेतेय?” वॉर्डातल्या तरुण डॉक्टरने विचारलं.

“माहीत नाही,” आई म्हणाली.

“डोस?”

“तोही माहीत नाही. लेबल खरवडून टाकलंय.”

तिने पर्समधून पेनासारखं निळं इंजेक्शन काढून त्याच्या हातावर ठेवलं. सकाळी लेक बाथरूममध्ये धाडकन पडली, तेव्हा टॉवेल शोधताना कपाटात मिळालेलं. असल्या पेनमधून येतं ते वजन उतरवायचं औषध! एकोणीस वर्षांची पोर, मुळात अंगावर मूठभर मांस नाही.

“उलट्यांनी अंगातलं पाणी आटलंय, क्षार पार खाली गेलेत. ठोके चुकताहेत,” डॉक्टर म्हणाला. “नेमकं काय आणि किती अंगात गेलंय ते कळलं तर बरं. घरात औषधं असतात?”

“असतात, माझ्या कामाची. पण कुलपात. हे आमच्या घरातलं नाही.”

“मग कुणीतरी लिहून दिलं असणार. ती चिठ्ठी शोधा.”

आई लेकीवर वाकली. ओठांना भेगा पडल्या होत्या. “राणी, कुणी लिहून दिलं गं?”

“आई, नको ना शोधूस.”

“मी नाही रागावणार.”

“रागावशील म्हणून नाही गं,” असं म्हणून लेकीने भिंतीकडे तोंड फिरवलं.

आईला वाटलं, पोरीला कुणी धमकावलंय की काय? कोण असेल तो? मशीनवरची रेघ मध्येच अडखळली, आणि ती उठून धावतच बाहेर पडली.

कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने फोटो बघताच तिला ओळखलं. “आली होती, ताई, दोन महिने झाले. म्हटलं, बाळा, चिठ्ठीशिवाय हे मी सख्ख्या बहिणीलाही देणार नाही. शेजारच्या दवाखान्यात जाते म्हणाली.”

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनाही ती आठवत होती. “मी काट्यावर उभं केलं. अठ्ठेचाळीस किलो! म्हटलं, तुला औषध नको, दोन वेळचं जेवण हवंय. रडत गेली बिचारी. घरी कुणाचं लक्ष नाही का?”

आई उठली. दोन परक्या माणसांनी लेकीकडे धड बघितलं होतं. आणि ती स्वतः? संध्याकाळी सात ते दहा ती एका कंपनीचं काम घरूनच करायची. जेवायच्या टेबलावरच लॅपटॉप, एकामागून एक अर्ज, खाली सही करून पुढे सरकवायचे. समोर लेक ताट चिवडत बसलेली असायची. “जेवलीस?” “हो.” संपलं.

ती दवाखान्याच्या पायऱ्या उतरली. आता एकच घर उरलं होतं.

लेकीच्या मैत्रिणीला शाळेपासून सगळे बटण म्हणायचे. गोल, गुबगुबीत, सदा खिदळणारी. आज तिने दार उघडलं तेव्हा चेहरा पांढराफटक पडला होता.

“मावशी, ती बरी आहे ना?”

“नाही. चिठ्ठी कुणी दिली?”

“तिनं शपथ घातलीय.”

“ती राहिलीच नाही तर शपथ कुणाची पाळशील?”

बटणचा बांध फुटला. “ऑनलाइन मिळते, मावशी. फॉर्म भरायचा. तिनं नाव खोटं लिहिलं, वय सत्तावीस, वजन चौऱ्याण्णव. उभ्यानं काढलेला फोटो लागतो, तो… तो माझा लावला.”

“आणि डॉक्टर? फोनवर तरी बोलला?”

“कुणी नाही बोललं. चार मिनिटांत चिठ्ठी आली, तिसऱ्या दिवशी पार्सल. आधी वाटलं, केवढी गंमत झाली. पण चिठ्ठी वाचल्यावर ती नुसती गप्प बसून राहिली.”

“कुठंय ती?”

“माझ्या फोनमध्ये. पण तुम्ही नका बघू.”

तेवढ्यात वॉर्डातून फोन आला. ठोके पुन्हा बिघडले होते. आईने बटणचं मनगट धरून तिला रिक्षात कोंबलं आणि स्वतःचा फोन तिच्या कानाला लावला. “वाच. डॉक्टर ऐकतोय.” बटण हुंदके देत औषधाचं नाव आणि डोस वाचत गेली. लेकीने चिठ्ठीत सांगितल्यापेक्षा दुप्पट टोचून घेतलं होतं, तेही तिने सांगून टाकलं. प्रत्येक सिग्नलला आईला वाटत होतं, आपण पोचू तेव्हा ती रेघ सरळ झालेली असेल.

रेघ चालू होती. दुपारी चारच्या सुमाराला ती एकसारखी उमटू लागली, आणि डॉक्टरने पहिल्यांदाच खुर्ची ओढली.

“धोका टळलाय. थोडक्यात वाचली.”

आई भिंतीला टेकून खालीच बसली. रडू आवरल्यावर मात्र तिचा आवाज बदलला. “मला तक्रार करायचीय. पोरीचं चुकलं, पण ती पोर आहे. ज्यानं न बघता सही ठोकली, त्याला कळत नव्हतं? त्याचा परवाना गेला पाहिजे.”

“खरंय. गेल्या महिन्यातही अशीच एक मुलगी आली होती,” डॉक्टर म्हणाला. “ती नाही वाचली.” त्याने तक्रारीचा कागद पुढे ओढला. आईचं नाव, पत्ता, पेशंटशी नातं लिहून घेतलं. “आता चिठ्ठीवरच्या डॉक्टरचं नाव सांगा.”

बटणने फोन छातीशी घट्ट धरला. आईने तो तिच्या बोटांतून सोडवून घेतला. पहिल्या ओळीपासून चिठ्ठी वाचली. शेवटच्या ओळीशी थांबली, आणि तिथेच थांबून राहिली.

“सांगताय ना?”

तिने स्वतःचं नाव सांगितलं.

“तुमचं वर लिहून झालं,” मान वर न करता तो म्हणाला. “मी डॉक्टरचं विचारतोय.”

“डॉक्टरचंच सांगतेय.”