टिकली लावलेली चिप

"सर, आज ठरवायचंच," तीन नव्या चिपांची चाचणी किट टेबलावर मांडत हाताखालची अदिती म्हणाली.

खडोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गाळ्यात सूत कारखान्यांच्या मशीनसाठी कंट्रोल बोर्ड बनतात. मालक आणि इंजिनिअर एकच, दत्तात्रय महाजन, मूळचे धुळ्याचे. पंचवीस वर्षं त्यांनी एकच चिप वापरली. ती बाजारातून केव्हाच गेली, आता साठवलेलीही संपली. नवी निवडायची होती आणि हा गृहस्थ दोन महिने चालढकल करत होता. दोन महिने! अहो, एवढ्यात लोकांची लग्नं जुळतात.

अदितीनं कागद पुढे केला. किंमत, मेमरी, प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर फुकट की विकत, सगळं त्यात होतं. दत्तात्रयांनी तो वाचलाच नाही.

"तिन्हींवर दिवा लुकलुकव," ते म्हणाले. दिवे लुकलुकले. मग ते भिंतीकडे तोंड करून ओरडले, "सुकदेव, मार रे जरा!"

"हाव काका!" शेजारच्या गाळ्यातून वेल्डिंगवाल्यानं ओ दिली. चर्रर्र झालं. एक दिवा पेटून राहिला, एक विझून. तिसरा आपला लुकलुकतोच आहे.

"हीच घे. ठिणगीनं बाकी दोन्ही बिथरल्या, आणि आपल्या बोर्डाशेजारी कुणी ना कुणी वेल्डिंग करतंच."

अदिती बघतच राहिली. "पाच मिनिटांचं काम होतं सर! मग दोन महिने कशाला?"

दत्तात्रयांनी खणातून एक जुना बोर्ड काढला. गलोंड्याच्या कारखान्यातून बदलून आलेला. त्यावरच्या चिपच्या मधोमध एक टिकली होती, लालाची गुलाबी झालेली.

"हिला वर काचेची खिडकी असते. आठ दिवस उन्हात ठेवली की आतला प्रोग्राम पुसतो, मग नवा भरायचा. आमच्या गच्चीवर कुरडया आणि चिपा एकाच साडीवर वाळायच्या." ते हसले. "नवा भरला की खिडकी झाकायची, नाहीतर उजेडानं तोही जातो. एकदा स्टिकर संपले, तर कुसुमनं कपाळाची टिकली काढून लावली. मग काय, दर बोर्डाला टिकलीच! वर मलाच बजावायची, उजेड लागू देऊ नका हं. मीच शिकवलेलं मला!"

सरांच्या पत्नीला, कुसुमकाकूंना, जाऊन तीन वर्षं झाली होती.

"या नवीला खिडकी नाही ना?" दत्तात्रयांनी विचारलं.

"नाही सर. काही झाकावंच लागत नाही."

"तेच तर गं. म्हणून तर दोन महिने," दत्तात्रय म्हणाले आणि त्यांनी ऑर्डरवर सही केली.

मग त्यांनी जुन्या चिपवरची टिकली नखानं उचकटायला घेतली. एक कड सुटली. ते थांबले आणि अंगठ्यानं ती पुन्हा घट्ट दाबून बसवली.

"काढून ठेवा ना सर," अदिती हळूच म्हणाली. "तो प्रोग्राम आता कुणाला लागणार आहे?"

"कुणालाच नाही." त्यांनी बोर्ड रुमालात गुंडाळला. "पण उजेड लागेल ना गं."