भाग्यश्रीला प्रवेश नाही

तिसऱ्यांदाही डब्ब्यानं भाग्यश्रीला ओळख दिली नाही. नाव किंवा पासवर्ड चुकला, एवढंच मोबाइलवर आलं.

डब्बा म्हणजे राउटरशेजारची हार्ड डिस्क. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या सासऱ्यांनी, पुरनलालजींनी, ती गोंदियाहून आणून घरच्या वायफायला जोडली होती. प्रत्येकाचं खातं वेगळं. ज्याचं पाणी त्याच्या बांधीत, म्हणजे त्याच्याच धानाच्या खाचरात, हा त्यांचा कायदा. पासवर्ड मात्र सगळ्यांचा एकच, हा भाग वेगळा. भाग्यश्रीचा मोबाइल माहेरच्या फोटोंनी तुडुंब भरला होता आणि त्यातला एकही पुसायचं तिच्या जिवावर येत होतं.

तिचा नवरा भुवनेश्वर घरातला स्वयंघोषित इंजिनिअर. त्यानं राउटर बंद करून चालू केला, वायर काढली, फुंकली, पुन्हा खोचली. त्याचं खातं तिच्याच मोबाइलवर झटक्यात उघडलं. नागपूरला शिकणाऱ्या नणंदेचंही उघडलं.

म्हणजे बिघाड डब्ब्यात नव्हता. घरात सगळ्यांना जागा आहे, आपल्यालाच नाही, असं तिच्या मनानं घेतलं आणि तिला फार वाईट वाटलं. वर, हे नाव तरी तिचं कुठे होतं? मुलाच्या 'भ'ला सुनेचाही 'भ' हवा, म्हणून सासूबाईंनी, जमुनाबाईंनी, ते लग्नात ठेवलं होतं. चुकून कुणी माहेरच्या नावानं सोनिका म्हटलं, तर त्या तिथल्या तिथे सुधारायच्या.

संध्याकाळी पुरनलालजी शेतावरून आले. तिनं धीर करून विचारलं, माझं खातं काढलंच नाही का?

"काऊन नाई काढलं? साक्षगंध झालं त्याच रोजी, लग्नाच्या आधीच काढलं. सोनिका टाक ना."

तिनं टाकलं. उघडलं. लग्न होऊन या घरात आल्यापासून इतकं बरं तिला कधी वाटलं नव्हतं.

पण आता सगळ्यांच्या नजरा जमुनाबाईंकडे गेल्या. भुवनेश्वर घाईघाईनं म्हणाला, नाव बदलून टाकतो, काही अवघड नाही.

जमुनाबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"राहू दे तिचं. अन् मायं बी एक काढ. शामकला नावानं."

"कोण शामकला?" भुवनेश्वरनं विचारलं.

"तुयी माय," जमुनाबाई म्हणाल्या.