मंडळीची सतरंजी

मेथॉडिस्ट चर्चमध्ये उपासना संपल्यावर अमोसमास्तर सूचना वाचायला उठले. सोमवारी महिलामंडळाची सभा, मंगळवारी कापणीच्या सणाची तयारी, बुधवारी घरप्रार्थना त्यांच्या धाकट्या भावाकडे. दोघांच्या घरांमधला चिऱ्यांचा कुंपणाचा गडगा भावाने वीतभर मास्तरांच्या बाजूला सरकवला, तेव्हापासून नऊ वर्षं बोलणं बंद होतं. आधीचे पाळक घरप्रार्थनेच्या यादीत दोघांमध्ये चार नावं घालायचे. नवे पाळक नुकतेच बदलून आलेले, त्यांनी सरळ आळीप्रमाणे नावं लावली. मास्तरांनी नाव वाचलं आणि चष्मा खिशात घातला. मागची प्रार्थना त्यांच्याकडे झाली होती, आणि मंडळीची सतरंजी पुढच्या घरी यजमानानेच पोचवायची, ही रीत. बुधवारी ते सतरंजी खांद्यावर टाकून भावाच्या पडवीत शिरले. एकट्याला ती पसरता येईना. भाऊ आतून आला, त्याने दुसरं टोक धरलं. “दादा,” तो म्हणाला, “अजून वीतभर तुझ्याकडे ओढ.”