एकोणीस वर्षं, चार अंशांवर

मिरजेच्या अवयवपेढीत मालनताई दर वर्षी नवऱ्याच्या तिथीला यायच्या. तिथे काचेच्या बरणीत, चार अंशांवर, त्याचं मूत्रपिंड एकोणीस वर्षं जसंच्या तसं होतं. नवरा अपघातात गेला तेव्हा चौतीसचा होता. मूत्रपिंड अजूनही चौतीसचंच होतं आणि मालनताई पन्नाशी ओलांडून गेल्या होत्या.

आज ते एका शिक्षिकेला बसवायचं होतं. वरच्या मजल्यावर तिच्या शस्त्रक्रियेची तयारी चालली होती.

"माझं लोणचं वर्षभरात नासतं. हे कसं गं टिकलं?" त्यांनी विचारलं.

"द्रावणामुळे, मावशी," पेढी सांभाळणारी तबस्सुम म्हणाली. "नुसत्या थंडीत पेशी पाणी पिऊन फुगतात. या द्रावणातले क्षार पेशीच्या आतल्यासारखेच असतात. आपण शरीराबाहेर आलोय, हे पेशींना कळतच नाही."

"बरंय त्यांचं. मला मात्र त्याच दिवशी कळलं. सकाळी घाईत 'जातो' म्हणाले. 'अहो, येतो म्हणावं' असं मी दारातून ओरडले, तोवर मोटरसायकल कोपऱ्यावरून वळली होती."

वरून फोन आला. तिनं बरणी बर्फाच्या पेटीत ठेवली, पेटी उचलली आणि दाराशी सवयीनं मागे वळून म्हणाली, "येते हं, मावशी."

एरवी मालनताई तिला 'ये' म्हणायच्या. आज त्या उठून उभ्या राहिल्या आणि पेटीकडे बघत म्हणाल्या,

"सावकाश या."