मांडीवरचा टॉवेल

"रोबोच्या हातांनी ऑपरेशन करू. पोटावर चार-पाच बारीक छेद, दुसऱ्या दिवशी चालायला लागाल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण नंतर तीन महिने जड काही उचलायचं नाही."

तिची गर्भपिशवी खाली उतरून बाहेर येऊ लागल्याला सहा वर्षं झाली होती. रोज ती हातानं आत सारून कामाला लागायची. तरी तिनं फाइल मिटली. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना मग कोण उचलणार?

दुसऱ्या दिवशी त्यांना न्हाणीघरातल्या खुर्चीवर बसवताना ती म्हणाली, "ऑपरेशन नको म्हणून कळवते. चाललंय तसं चालू दे."

अंघोळीत मांडीवरचा टॉवेल सासूबाईंनी कधीच काढू दिला नव्हता. "तेवढं माझं मी धुते," म्हणायच्या. जुन्या माणसाचा संकोच, असं सुनेला वाटायचं.

आज त्यांनी तो स्वतःच बाजूला केला. सुनेनं पाहिलं आणि हातातला तांब्या खाली ठेवला. जे तिला होतं, तेच.

"मला उचलायला माझा मुलगा आहे. त्याला मी दोन वर्षं कडेवर वागवलाय," सासूबाई म्हणाल्या. "तू तारीख घे, बाई. मीही चाळीस वर्षं चाललंय तसंच चालू दिलं."